भरधाव घोडा, धूळ आणि तलवारी: फ्रेंच युद्धचित्रांवरून घोडदळ कसं रंगवावं

घोडा काढायला बसलात की पहिलं माप त्याच्या डोक्याचं घ्या. टाळूपासून ओठापर्यंतची लांबी म्हणजे एक डोकं. छातीच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (शेपटीजवळच्या मांसल भागाच्या) मागच्या टोकापर्यंत साधारण अडीच ते पावणेतीन डोकी भरतात. मान पाठीला मिळते तिथल्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत अडीच. ३८ × ५६ सेंटिमीटरच्या कागदावर पुढच्या घोड्याचं डोकं ५ सेंटिमीटर धरलंत, तर उंचवट्याची उंची साडेबारा सेंटिमीटर येईल. स्वार खोगिरापासून वर दीड डोकं, म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. शिरस्त्राण आणि तुरा त्याच्या वर. नवखे लोक स्वार मोठा काढतात आणि घोड्याचं शिंगरू होतं. हे माप चुकलं तर पुढची सगळी मेहनत वाया.

आता पाय. पुढच्या पायाचा ‘गुडघा’ हे खरं घोड्याचं मनगट, आणि मागच्या पायाचा मागे वळलेला कोन ही त्याची टाच. पुढचा पाय उचलला की मनगटाखालचा भाग मागे दुमडतो. मागच्या पायाचा कोन कायम मागेच टोक करून असतो आणि पुढच्या मनगटापेक्षा किंचित वर बसतो. हे चार सांधे आधी नुसत्या ठिपक्यांनी मांडा, मग रेघांनी जोडा. बाह्यरेषेपासून सुरुवात केलीत तर पाय रबरासारखे वळतात.

भरधाव पळणाऱ्या घोड्याचे खूर एकामागून एक टेकतात. उजवा पुढचा पाय आघाडीला असेल तर क्रम असा: डावा मागचा, उजवा मागचा, डावा पुढचा, उजवा पुढचा. त्यानंतर क्षणभर चारी खूर हवेत, आणि तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. जुन्या चित्रकारांना डोळ्यांनी हे पकडता येत नव्हतं. फ्रेंच चित्रकार जेरिकोच्या १८२१ च्या ‘एप्सम डर्बी’ या शर्यतीच्या चित्रातले घोडे पुढचे दोन्ही पाय पुढे, मागचे दोन्ही मागे ताणून हवेत तरंगतात. पाय असे ताणलेले असताना खरा घोडा हवेत नसतो. तरीही त्या चित्रातला वेग नाकारता येत नाही, म्हणून ते बघाच. त्याच्यानंतरच्या मेसोनिए या फ्रेंच युद्धचित्रकाराला मात्र खरं काय ते हवं होतं. पॅरिसजवळच्या पॉसी गावातल्या आपल्या जागेत त्याने रूळ टाकून घेतले आणि धावत्या घोड्याच्या बरोबरीने गाडीवर बसून टिपणं घेतली. १८७८ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे लावून धावता घोडा टिपला, तेव्हा क्रम कायमचा स्पष्ट झाला. तुम्ही फोनवर मंदगती चित्रफीत घ्या आणि एकेका चौकटीवर थांबा. वेग दाखवायला सर्वांत उपयोगी चौकट म्हणजे एकच पुढचा खूर जमिनीवर, बाकीचे उचललेले. सगळा भार त्या एका पायावर दिसतो.

पुण्यात सरावाची सोय चांगली आहे. पावसाळ्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर शर्यती असतात. तिथे पळणारे घोडे बघा. स्थिर अभ्यासाला शनिवारवाड्यासमोरचा बाजीरावांचा पुतळा, किंवा परवानगी मिळाली तर शिवाजीनगरच्या प्रिपरेटरी शाळेच्या आवारातलं करमरकरांचं १९२८ चं शिवाजी महाराजांचं अश्वारूढ शिल्प. भोवती फिरा आणि तिरप्या मागच्या कोनातूनही रेखाटा. जेरिकोच्या १८१२ च्या चित्रातला हल्ला चढवणारा घोडदळाचा अधिकारी असाच आपल्यापासून तिरपा दूर जातो: घोडा उसळलेला, स्वार कमरेतून वळून मागे बघणारा. एका घोड्यात सगळी लढाई आहे, मागे फक्त धूर आणि आग.

गर्दीची मांडणी क्षितिजरेषेवर ठरते. सपाट मैदानावर तुमचे डोळे घोड्याच्या उंचवट्याच्या पातळीला असतील, तर जवळच्या आणि लांबच्या प्रत्येक घोड्याचा तो उंचवटा क्षितिजरेषेवरच येईल. खूर मात्र लांब जाताना वर सरकतील. हे न पाळल्यामुळे मागचे घोडे पुढच्यांच्या पायाशी ठेवलेल्या खेळण्यांसारखे दिसतात. तीन घोडे पूर्ण काढा, पाच-सहा अर्धे, बाकी शिरस्त्राणांची आणि तलवारींची रांग. मेसोनिएच्या ‘१८०७, फ्रिडलँड’ या चित्रात नेपोलियन पांढऱ्या घोड्यावर स्थिर आहे आणि चिलखती घोडदळ त्याच्यासमोरून उसळत जातं. पण खालच्या भागाकडे नीट बघा. टापांखाली तुडवलेलं पीक, मोडलेले देठ, चिरडलेली कणसं. घोड्याचं वजन तिथे कळतं. तुमच्या चित्रातही खुरांपाशी जमीन फुटलेली हवी: उडालेली ढेकळं, मागे फेकली गेलेली माती. खुरांखाली नुसती सावली असेल तर घोडा चिकटवल्यासारखा वाटतो.

जलरंगात कागद ३०० जीएसएमचा घ्या. आधी धूळ: कागद ओला करून पिवळा गेरू आणि थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) खालून वर फिका करत न्या, वरच्या धुरात अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळा. मागचे घोडे हा थर अर्धवट ओला असतानाच टाका, कडा आपोआप विरघळतील. पुढचे घोडे पूर्ण वाळल्यावर. पुण्यात जुलैमध्ये थर वाळायला खूप वेळ लागतो. घाई केलीत तर पोटाचा तपकिरी रंग धुळीत पसरून चिखल होतो, म्हणून केस वाळवायचं यंत्र हातभर लांब धरून वापरा. एप्रिलमध्ये उलटं, मध्येच कडक रेघ पडते. तेव्हा कागद दोन्ही बाजूंनी भिजवा. घोड्याच्या काळ्या अंगासाठी नुसता काळा वापरू नका, घामाने भिजलेल्या कातडीवर आकाशाची निळी चमक येते, ती खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर राखा.

तलवारी आणि चिलखतांवरचा पांढरा गोवाश (अपारदर्शक जलरंग) अगदी शेवटी, पातळ ब्रशने, फक्त पुढच्या तीन स्वारांवर.