सोसायटीची लिफ्ट बदलताय? आधी मोटरचं बघा
आमच्या डोंबिवलीच्या सात मजली इमारतीत जुनी लिफ्ट होती तेव्हा मशीन रूममध्ये गिअरबॉक्सखाली डालड्याचा डबा ठेवलेला असायचा, गळणाऱ्या तेलासाठी. त्यातल्या वर्म गिअरच्या (स्क्रूसारखा दांडा दातेरी चाक फिरवतो, त्याच्या) घर्षणात वीजही बरीच वाया जाते. म्हणून मी सेक्रेटरी असताना हट्टाने गिअरलेस, पर्मनंट मॅग्नेट (कायमस्वरूपी चुंबकाची) मोटर घेतली. महाग पडते, पण गिअरच्या तेलाची कटकटच नाही. रोज दिवसभर वर-खाली होणाऱ्या लिफ्टला हीच घ्या.

दोन-तीन मजली बंगल्याला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने वर जाणारी लिफ्ट चालेल; उतरताना ती केबिनच्या वजनानेच खाली येते.

मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह मात्र व्हीव्हीव्हीएफच (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बदलणारा) मागा. वेग हळूहळू कमी होतो, थांबताना आजींच्या गुडघ्यांना हिसका बसत नाही. आणि वीज गेल्यावर केबिन जवळच्या मजल्याला आणणारी एआरडी (ऑटोमॅटिक रेस्क्यू डिव्हाइस) कोटेशनमध्ये धरलीय का, हे सहीआधी विचारा.