टेबल बदललं आणि सिंक थांबलं: दुरुस्ती कुठून सुरू करावी

सावद्याच्या केळी संकलन केंद्रावर काट्याच्या पावत्या भरल्या जातात आणि जळगावच्या ऑफिसात त्याच डेटाबेसची प्रत हिशेबासाठी वापरली जाते, अशी मांडणी धरून चालू. सावदा सोर्स (मूळ डेटाबेस), जळगाव रेप्लिका (त्याचे बदल आपोआप उतरवून घेणारी प्रत), दोन्हीकडे मायएसक्यूएल 8.0 हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर. एके दिवशी ऑफिसातून फोन येतो, "कालपासूनच्या पावत्या दिसत नाहीत." बहुतेक वेळा त्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी टेबलात हात घातलेला असतो. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायच्या.)

पहिलं काम: काहीही दुरुस्त करू नका, आधी वाचा. जळगावच्या मशीनवर 'शो रेप्लिका स्टेटस' चालवा. 8.0.22 च्या आधीची आवृत्ती असेल तर 'शो स्लेव्ह स्टेटस'. त्यात 'आयओ रनिंग' आणि 'एसक्यूएल रनिंग' या दोन ओळी बघा. आयओचा धागा (थ्रेड, म्हणजे आत चालणारं एक काम) सावद्याहून बदल आणतो, एसक्यूएलचा धागा ते इथे लावतो.

आयओसमोर 'कनेक्टिंग' असेल तर बिघाड लाइनीत आहे, टेबलात नाही. सावद्याची वीज गेली असेल किंवा नेट बंद असेल. लाइन आली की ते आपोआप जोडून घेतं, तोवर त्याच्या वाटेला जाऊ नये. एरर 1236 आली आणि बायनरी लॉग (सोर्सवरच्या बदलांची नोंदवही) पुसले गेल्याचा मजकूर असेल, तर प्रत इतकी मागे राहिली की सोर्सने तोवर जुने लॉग काढून टाकले. मूळ सेटिंगमध्ये ते 30 दिवस राहतात. इथे नव्या बॅकअपवरून प्रत पुन्हा उभी करण्याला पर्याय नाही.

एसक्यूएल रनिंगसमोर 'नो' असेल, तर 'लास्ट एसक्यूएल एरर' पूर्ण वाचा. आकडा बरंच सांगतो.

1054 म्हणजे कॉलम सापडत नाही, 1146 म्हणजे टेबलच नाही. दोन्हीकडे 'शो क्रिएट टेबल' चालवून मजकूर शेजारी-शेजारी ठेवा आणि फरक काढा. फरक मिळाला की रेप्लिकाचं टेबल सोर्ससारखं करा, उलटं नाही.

1062 म्हणजे तोच पावती क्रमांक रेप्लिकावर आधीपासून आहे. याचा बहुतेक वेळा अर्थ, कोणीतरी जळगावात थेट नोंद केली. दोन्हीकडची ती ओळ काढून ताडून बघा. जळगावची ओळ फालतू असेल तर सेशनमध्ये 'एसक्यूएल लॉग बिन' शून्य करून ती डिलीट करा आणि 'स्टार्ट रेप्लिका' द्या. वेगळी, कामाची नोंद असेल तर आधी ती सावद्यात नव्या क्रमांकाने भरून घ्या.

1032 म्हणजे जी ओळ बदलायची किंवा काढायची तीच इथे नाही. अपडेट असेल तर सोर्सवरून ती ओळ आणून भरा. डिलीट असेल आणि त्या व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) दुसरं काही नसेल, तर तेवढी एक नोंद वगळली तरी बिघडत नाही, ती जाणारच होती.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. एरर दिसली की 'स्किप काउंटर' (अडलेला बदल वगळण्याचं सेटिंग) एक करून पुढे जायचं, पुन्हा अडकलं की पुन्हा एक. सिंक सुरू होतं, फोन बंद होतात आणि पावत्या गळत राहतात. काय वगळलं हे न बघता वगळू नये.

आता एररच न देणारा बिघाड. मायएसक्यूएल ओळींचे बदल लावताना कॉलम नावाने नाही, क्रमाने जुळवतो. समजा, सोर्सवर 'वजन' आधी आणि 'भाव' नंतर आहे, दोन्ही दशांश (10,2). ऑफिसातल्या कोणी अहवाल नीट दिसावा म्हणून रेप्लिकावर 'भाव' पुढे सरकवला. सावद्यात 162.40 क्विंटल, भाव 1750.00 अशी पावती झाली की जळगावात वजन 1750.00 आणि भाव 162.40 लागतो. प्रकार सारखेच, म्हणून तक्रार नाही. गुणाकार दोन्हीकडे 2,84,200 रुपये, म्हणून एकूण रकमेतही पकडला जात नाही! यासाठी तारीखवार ओळींची संख्या, वजनाची बेरीज आणि भावाची बेरीज वेगवेगळी काढून दोन्हीकडे ताडा. रेप्लिकावर जादा कॉलम हवाच असेल तर तो सगळ्यात शेवटी आणि डिफॉल्ट किमतीसह. त्यापेक्षा व्ह्यू (टेबलाला हात न लावता हवी तशी मांडणी दाखवणारी साठवलेली क्वेरी) बनवणं कधीही बरं.

'सेकंड्स बिहाइंड सोर्स' शून्य आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. नेट धिमं असून बदल पोचलेच नसतील तरी तिथे शून्य दिसू शकतं. सावद्यात एका छोट्या टेबलात दर मिनिटाला वेळ लिहायची सोय करा आणि तीच वेळ जळगावात वाचा.

बदल करतानाच अडकलं तर? सोर्सवर 'ऑल्टर टेबल' (टेबलाची रचना बदलण्याची आज्ञा) दिलं, ते थांबलं आणि पाठोपाठ काट्यावरचा प्रोग्रामही गोठला. 'शो प्रोसेसलिस्ट'मध्ये 'वेटिंग फॉर टेबल मेटाडेटा लॉक' दिसेल, म्हणजे ऑल्टर टेबलाच्या कुलपाची वाट बघतंय. कुणीतरी त्या टेबलावर व्यवहार सुरू करून कमिट (पक्का) न करता खिडकी उघडी सोडून चहाला गेलेलं असतं. ऑल्टर त्याच्यामागे थांबतं आणि त्या टेबलावरची नंतरची प्रत्येक क्वेरी, साधं सिलेक्टसुद्धा, ऑल्टरमागे रांग लावते. या लॉकची वाट बघण्याची मूळ मुदत 3,15,36,000 सेकंद, म्हणजे एक वर्ष! 'सिस' डेटाबेसमधला 'स्कीमा टेबल लॉक वेट्स' हा व्ह्यू अडवणाऱ्या कनेक्शनचा क्रमांक देतो, तो 'किल' करा. आणि यापुढे ऑल्टरआधी त्या सेशनमध्ये 'लॉक वेट टाइमआउट' 5 सेकंद ठेवा. जमलं नाही तर ऑल्टर स्वतःच माघार घेईल, काटा चालू राहील.

नवा कॉलम जोडताना आज्ञेच्या शेवटी 'अल्गोरिदम इन्स्टंट' लिहा. 8.0.12 पासून शेवटी आणि 8.0.29 पासून कुठेही जोडलेला कॉलम असा क्षणात होतो. शक्य नसेल तर ते गुपचूप पूर्ण टेबल कॉपी करत बसण्याऐवजी एरर देतं. कॉलमचा प्रकार बदलायचा, उदाहरणार्थ भाव पूर्णांकाचा दशांश करायचा, तर कॉपी अटळ आहे. ते काम शेवटची गाडी तोलून झाल्यावर. रेप्लिका हाच बदल सोर्सवर तो संपल्यानंतर सुरू करते, म्हणून सोर्सवर 20 मिनिटं लागली तर जळगावची प्रत साधारण तेवढीच मागे पडेल. तेव्हा तिला हात लावू नका. ऑल्टर रोलबॅक होत नाही (मागे घेता येत नाही), त्यामुळे बॅकअप आधी घ्यायचा.

सगळं जुळलं की जळगावात 'सुपर रीड ओन्ली' चालू करा आणि सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्येही लिहा, नाहीतर वीज जाऊन मशीन पुन्हा सुरू झालं की ते निघून जाईल. नुसतं 'रीड ओन्ली' पुरत नाही. सगळे अधिकार असलेल्या रूट वापरकर्त्याला ते अडवत नाही आणि लहान ऑफिसात सगळे रूटनेच आत येतात.