स्वीडनच्या लष्करी विभागाचा इतिहास अभ्यासताय? मग नावाच्या मागे नका लागू, गाव धरा

मी पुण्याची. सदर्न कमांडच्या भिंतीवरून शाळेत जाण्यायेण्यात माझी वर्षं गेलीत, त्यामुळे लष्कराचा प्रादेशिक विभाग म्हटलं की डोक्यात एकच चित्र असायचं, एक मुख्यालय, एक नाव आणि पिढ्यानपिढ्या तेच चालू. स्वीडनमध्ये मास्टर्सला आल्यावर थीसिससाठी उत्तरेकडचा लष्करी विभाग घेतला तेव्हा हेच चित्र घेऊन बसले आणि पहिले दोन महिने त्यातच गेले. इथे मुख्यालय एकाच गावात राहतं पण नाव, हद्द आणि अधिकार अधूनमधून बदलत जातात. ज्यांना हा किंवा असाच विषय घ्यायचाय त्यांच्यासाठी लिहितेय.

गाव म्हणजे बूदेन. नकाशावर Boden दिसेल पण तोंडाने बूदेनच म्हणतात. लुलेओ नदीच्या काठी, आर्क्टिक वर्तुळाच्या थोडं खाली, लुलेओ शहरापासून साधारण पस्तीस किलोमीटर. हे गाव लष्करी का झालं हे आधी नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. १८०९ मध्ये स्वीडनने फिनलंड रशियाला गमावला आणि सीमा टोर्ने नदीवर येऊन थांबली. पुढे गेलिवारे आणि किरुनाच्या लोखंडाच्या खाणी सुरू झाल्या, खनिज लुलेओच्या बंदराला न्यायला रेल्वे आली, १८९४ मध्ये दक्षिणेकडून येणारी मुख्य लाइनही बूदेनला येऊन मिळाली आणि १९०३ मध्ये नॉर्वेतल्या नार्विक बंदरापर्यंतच्या रेल्वेचं उद्घाटन झालं. म्हणजे जो बूदेन धरेल तो जंक्शन धरेल, खनिज धरेल आणि दक्षिणेचा रस्तापण. म्हणून १९०० मध्ये संसदेने इथे किल्ला बांधायचं ठरवलं आणि शहराभोवतीच्या पाच टेकड्यांमध्ये खडक फोडून पाच मोठे फोर्ट उभे राहिले, देगरबेर्गेट, म्योशोबेर्गेट, गामेलेंग्सबेर्गेट, सोद्रा ओबेर्गेट आणि रोदबेर्गेट. ही नावं पाठ करा, कागदांत सारखी भेटतात आणि प्रत्येक ठिकाणी 'बूदेनचा' असा उल्लेख नसतो.

आता नावांचा गुंता. संसदेच्या १९४२ च्या संरक्षण निर्णयात देशाचे सात लष्करी विभाग झाले, त्यांना रोमन आकडे दिले. विभागाला स्वीडिशमध्ये मिलिटेरओमरोदे म्हणतात आणि बोलताना, फाइलीवर, सगळीकडे नुसतं 'मिलो'. बूदेनचा मिलो सहावा. १९६६ मध्ये आकडे गेले, सातचे सहा विभाग झाले आणि बूदेनचा झाला ओव्रे नॉरलँड, म्हणजे वरचा नॉरलँड (नॉरलँड म्हणजे स्वीडनचा उत्तर भाग), ज्यात नॉरबॉत्तेन आणि वेस्टरबॉत्तेन हे दोन जिल्हे. १९९३ मध्ये खालचा नॉरलँड, ज्याचं मुख्यालय ओस्टरसुंदला होतं, तो यात मिसळून उत्तर विभाग झाला. २००० मध्ये मिलोच संपले, आले मिलिटेरदिस्त्रिक्त, म्हणजे लष्करी जिल्हे, तेही २००५ मध्ये बंद. मग काही वर्षं या पातळीवर काहीच नाही. २०१३ मध्ये चार मिलिटेररेगिऑन, म्हणजे लष्करी प्रदेश, आले आणि उत्तरेचा स्टाफ पुन्हा बूदेनलाच.

इथे माझी झालेली चूक सांगते. दिस्त्रिक्त हा शब्द २००० चा म्हणून मी डेटाबेसमध्ये शोधला आणि जे समोर आलं ते एकोणिसाव्या शतकातलं, कारण १८३३ पासूनसुद्धा स्वीडनमध्ये लष्करी दिस्त्रिक्त होते, शब्द तोच, गोष्ट पूर्ण वेगळी. मी न बघता बॉक्स मागवले, ट्रेनचं तिकीट काढलं, आणि दोन दिवस वाचनकक्षात बसून कळलं की यातलं आपल्या कामाचं काहीच नाही. तेव्हापासून मी वहीच्या पहिल्या पानावर एक तक्ता ठेवते, वर्ष, त्या वर्षीचं नाव, संक्षेप, मुख्यालय, हद्द. तुम्ही कोणत्याही मुख्यालयाचा विभाग घ्या, क्रिस्तियानस्ताद घ्या, शोव्दे घ्या, स्ट्रेंगनेस घ्या, हा तक्ता पहिल्या आठवड्यात करा.

आणि १९६६ ला फक्त नाव बदललं असं समजू नका, माझ्या मते अख्ख्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वर्ष तेच. त्याआधी मिलोचा प्रमुख मुख्यतः भूदलाचा माणूस होता. १९६६ पासून मिलिटेरबेफेलहावारे, म्हणजे विभागाचा लष्करी प्रमुख, कागदांत नुसतं एमबी, याच्या हाताखाली आपल्या भागातलं भूदल, नौदल आणि हवाईदल तिन्ही आलं, आणि कल्पना अशी की युद्धात स्टॉकहोमशी संपर्क तुटला तरी एमबीने आपल्या भागाची लढाई स्वतः चालू ठेवायची. शेजारी नागरी बाजूचा प्रमुख, सिविलबेफेलहावारे, बहुतेक वेळा त्या भागातल्या एखाद्या जिल्ह्याचा गव्हर्नर. हॉस्पिटल, अन्न, रस्ते, लोकांना हलवणं हे त्याच्याकडे. त्यामुळे नुसत्या लष्करी फाइली वाचल्या तर अर्धीच गोष्ट कळते, जिल्हा प्रशासनाच्या फाइलीपण मागवा.

नकाशावर नद्या बघा. टोर्ने, कालिक्स, लुलेओ, तिन्ही वायव्येकडून आग्नेयेकडे वाहतात, म्हणजे फिनलंडकडून येणाऱ्याला एकेक नदी ओलांडावीच लागते. १९३९-४० चं फिनलंड-रशिया युद्ध आणि एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर केलेला हल्ला, दोन्ही या विभागाच्या दाराशी घडलं. लुलेओचं बंदर ज्यावर आहे ते बोथनियाचं आखात हिवाळ्यात गोठतं म्हणून तेव्हा खनिज नार्विकमधून जर्मनीला जायचं, हे माहीत नसेल तर त्या वर्षांतली घाई कळणारच नाही. कालिक्स नदीकाठची संरक्षक फळी तेव्हापासून उभी राहिली आणि शीतयुद्धात वाढत गेली. मी आधी फाइली वाचल्या, नदी नंतर पाहिली. उलटं करा, नदीकाठी उभं राहिल्यावर मला जे दहा मिनिटांत समजलं ते आठवडाभर वाचून समजलं नव्हतं.

कागद कुठे? मुख्य ठिकाण स्टॉकहोमचं क्रिग्सआर्किवेट, म्हणजे लष्करी अभिलेखागार, १८०५ मध्ये सुरू झालेलं, आता रिक्सआर्किवेटचा, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागाराचा भाग. त्यांच्या नाद नावाच्या डेटाबेसमध्ये आधी घरून शोधा, बॉक्सचे नंबर काढा, आगाऊ मागवा. बूदेन किल्ल्याचा कमांडंट आणि मिलोचा स्टाफ हे दोन वेगळे कार्यालयीन संग्रह आहेत, गाव एक म्हणून एकत्र असतील असं धरू नका. संरक्षणविषयक गोपनीयता साधारण ४० वर्षांपर्यंत असते, काही गोष्टींना त्याहून जास्त, त्यामुळे १९८० नंतरच्या फाइलीवर अख्खा थीसिस बांधू नका, परवानगीला वेळ लागतो आणि कधी कधी पानं झाकून मिळतात. मी १९४२ ते १९७२ धरलं आणि निभावलं. नवीन काळासाठी संसदेची विधेयकं आणि चर्चा वाचा, त्या ऑनलाइन फुकट आहेत, आणि कोणता रेजिमेंट का बंद केला यावर खासदार आपापल्या गावासाठी जे बोलतात त्यात खूप माहिती असते. संरक्षण निर्णयांची वर्षं जवळ ठेवा, १९२५ ची मोठी कपात, १९३६ ची वाढ, १९४२, मग २००० आणि २००४ मध्ये बंद केलेल्या रेजिमेंट, २०२० ला पुन्हा वाढ.

भाषेचं सांगायचं तर आजची स्वीडिश येते म्हणून जुने कागद येतील असं नाही. १९०६ च्या आधीचं स्पेलिंग वेगळं, आणि १९४० च्या दशकातल्या सरकारी कागदांतही क्रियापदाचं अनेकवचनी रूप आहे, 'आहेत' साठी एरू, आज कोणी तसं लिहीत नाही. स्वीडिश अकादमीचा मोठा शब्दकोश ऑनलाइन आहे, तो उघडा ठेवा. रेजिमेंटची अक्षरं दोन दिवसांत बसतात, आय म्हणजे पायदळ, के घोडदळ, ए तोफखाना, पी रणगाडे, एफ हवाईदल. बूदेनमध्ये आय १९ आणि ए ८ सतत भेटतील.

तोफखान्यावरून आठवलं, आपल्याकडे बोफोर्स शब्द ऐकलेला नाही असा माणूस नाही. १९८६ च्या करारातल्या ४१० तोफा, देवळालीतलं प्रशिक्षण, १९९९ चं कारगिल. ती तोफ बनवणारं कार्लस्कूगा हे गाव कार्लस्तादला मुख्यालय असलेल्या बेर्गस्लागेन मिलोमध्ये होतं, आणि १९९१ मध्ये तो मिलो आणि पूर्व विभाग मिळून मध्य विभाग झाला. आपल्यापैकी कोणाला स्वतःचा विषय हवा असेल तर बेर्गस्लागेन मिलोवर मराठी माणसाने नक्की काम करावं, मला आवडेल वाचायला.

बूदेनला जाणार असाल तर स्टॉकहोमहून रात्रीची ट्रेन घ्या. पाचपैकी रोदबेर्गेटचा फोर्ट आता म्युझियम आहे, उन्हाळ्यातच जा आणि उघडं आहे का ते आधी विचारून घ्या. गावात संरक्षण म्युझियमही आहे. आजही हे लष्करी गाव आहे, त्यामुळे फलक दिसला की कॅमेरा बॅगेत. आणि आतल्या खडकातल्या बोगद्यांत जुलैमध्येसुद्धा इतकं गार असतं की स्वेटर लागतो, मी पातळ कुर्त्यावर गेले होते आणि गाइडबाईंनी स्वतःचं जाकीट काढून दिलं.