रंगीत लेन्स घेण्यापूर्वी नजर कशी तपासावी

लग्नसराई जवळ आली की सोलापुरातल्या चष्म्याच्या दुकानांत रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सची चौकशी सुरू होते. ही चौकशी बहुधा रंगाभोवतीच फिरते. शालूला राखाडी शोभेल की मधाळ तपकिरी, यावर अर्धा तास खर्च होतो आणि त्या लेन्समधून दिसेल कसे, हे विचारायचे राहून जाते. विचारले तरी दुकानाच्या लख्ख प्रकाशात तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते आणि शंका तिथेच मिटते. वस्तुतः या लेन्सचा खरा दोष अशा प्रकाशात दिसतच नाही. तो दिवेलागणीनंतर दिसतो, त्यामुळे तपासणीही त्याच वेळी करणे आवश्यक आहे.

प्रथम लेन्स नीट पाहावी. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून ती बोटाच्या टोकावर घ्यावी आणि खिडकीसमोर धरावी. मधोमध रंग नसलेले स्वच्छ वर्तुळ, त्याभोवती बारीक ठिपक्यांची छपाई आणि बऱ्याच लेन्सना कडेला गडद रेघ, अशी रचना दिसेल. मधले वर्तुळ सामान्यतः चार ते पाच मिलिमीटरचे असते. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसते, त्यामुळे ती त्या वर्तुळात सहज मावते. परंतु अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंतही विस्फारू शकते, आणि मग छापील ठिपके थेट तिच्यासमोर येऊन आत जाणारा प्रकाश अडवतात व विखुरतात. त्यातच पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर लेन्स थोडी सरकते, म्हणजे वर्तुळ नेमके मध्यावर राहील याचीही खात्री नसते. वयानुसार बाहुली लहान होत जाते. याचा अर्थ असा की, ज्या वयात या लेन्सची हौस असते त्याच वयात त्यांचा त्रास अधिक होतो.

सगळ्याच रंगीत लेन्स सारख्या नसतात, हेही येथे सांगितले पाहिजे. हाताळताना दिसावी म्हणून साध्या लेन्सला दिलेली फिकट निळसर छटा नजरेला जाणवण्यासारखा फरक करत नाही. मात्र आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांवर पारदर्शक छटा उठून दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक शेवटी अपारदर्शक छपाईच्या लेन्सकडेच वळते.

तक्त्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळीभोर अक्षरे असतात. ती 6/6, म्हणजे सामान्य नजरेइतकी, वाचता आली तरी फिकट आणि गडद यांतला सूक्ष्म फरक ओळखण्याची क्षमता, म्हणजे कॉन्ट्रास्टची जाण, कमी झालेली असू शकते. मंगल कार्यालयाच्या मंद उजेडातली शेवटची पायरी किंवा डांबरी रस्त्यावर करड्या कपड्यांत चालणारा माणूस ओळखायला हीच जाण लागते.

घरची तपासणी अशी करावी. संध्याकाळी गच्चीवर किंवा अंगणात उभे राहून एकाच डोळ्यात रंगीत लेन्स घालावी. नंबर असल्यास दुसऱ्या डोळ्यात त्याच्या नंबरची साधी पारदर्शक लेन्स घालावी, नसल्यास तो डोळा तसाच ठेवावा. दहा-पंधरा मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि मग आळीपाळीने एकेक डोळा झाकून दूरचा पथदिवा, उभ्या गाडीची नंबरप्लेट आणि सावलीतली एखादी पायरी पाहावी. रंगीत लेन्सच्या डोळ्याला दिव्याभोवती वलय दिसत असेल, पायरीची कड पुसट वाटत असेल किंवा नजरेच्या कडेला झाकोळ जाणवत असेल, तर ती लेन्स त्या डोळ्यासाठी रात्री निरुपयोगी आहे, मग रंग कितीही खुलत असो.

धूसरपणाचे कारण पापणीवरून बरेच कळते. पापणी मिटून उघडल्यावर स्वच्छ दिसून थोड्याच वेळात पुन्हा धूसर होत असेल, तर लेन्स कोरडी पडत आहे. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, पंख्याखाली किंवा एसीत, हे वारंवार घडते. पापणी उघडताच क्षणभर धूसर होऊन मग दृश्य स्थिरावत असेल, तर लेन्स सैल बसून जास्त हलत असण्याचा संभव आहे आणि मोजमाप पुन्हा करून घ्यावे. पापणीने काहीच फरक न पडता फक्त अंधारात वलये दिसत असतील, तर दोष बहुधा छपाईचा आहे. त्यावर थेंबांचा उपाय नाही.

चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला चालतोच असे नाही. साधारण चार नंबरच्या पुढे फरक पडू लागतो. उणे सहाच्या चष्म्याला लेन्स सुमारे उणे साडेपाचची लागते. नंबरात पाऊण किंवा अधिक सिलिंडर (डोळ्याच्या असमान बाकामुळे लागणारा तिरका नंबर) असलेल्यांना साध्या रंगीत लेन्समध्ये अक्षरांना सावली दिसत राहते आणि त्याचा दोष ते उगाच रंगाला देतात. म्हणून लेन्सचा नंबर, आणि नंबर नसला तरी तिचा बाक आणि व्यास, नेत्रतज्ज्ञ किंवा ऑप्टोमेट्रिस्टकडून ठरवून घ्यावा.

माझ्या मते अपारदर्शक रंगीत लेन्स घालून रात्री दुचाकी चालवूच नये. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत, जिथे धूळ आणि शोभेच्या दारूचा धूर एकत्र येतो, तिथेही चष्माच बरा. लेन्स घालून झोपू नये आणि ती कधीही पाण्याने धुऊ नये. शहरात अनेक घरी नळाचे पाणी टाकीत काही दिवस साठवलेले असते, आणि ताज्या नळाच्या पाण्यातही कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, गंभीर इजा करणारा अकँथामीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. मैत्रिणीची लेन्स तर फोटोपुरतीही घालू नये. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जाताना लेन्स आणि तिची डबी सोबत न्यावी, कारण संसर्गाचे जंतू कोणते हे शोधण्यासाठी त्यांची तपासणी उपयोगी पडते.