मिनी ट्रॅक्टरच्या मागचे हायड्रोलिक कपलर: पलटी नांगर आणि ट्रॉली जोडताना

पलटी नांगराच्या जॅकला दोन होज (तेलाच्या नळ्या) असतात, कारण त्याला दोन्ही बाजूंनी तेलाचा दाब लागतो. दोन्ही होज एकाच लिव्हरच्या कपलरच्या (होज खोचायच्या तोंडांच्या) जोडीत लावा. लिव्हर पुढे ढकलल्यावर नांगर उलटा फिरला, तर होजची अदलाबदल करा आणि प्रत्येक होज व त्याच्या कपलरवर एकाच रंगाची टेप गुंडाळा.

कपलर बसत नसेल तर हातोडी मारू नका. आत दाब अडकलेला असतो. अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर तीन-चार वेळा मागेपुढे हलवा. मग कपलर हाताने बसतो. आधी दोन्ही टोकं स्वच्छ फडक्याने पुसा. मातीचा एक कण व्हॉल्व्हमध्ये गेला की स्पूलवर (आतल्या सरकत्या दांडीवर) ओरखडा पडतो आणि उचललेलं अवजार हळूहळू खाली बसायला लागतं. म्हणून टोपणं हवीतच.

टिपिंग ट्रॉलीच्या जॅकला एकच होज. ती स्वतःच्या वजनाने उतरते, तेव्हा लिव्हरला ‘फ्लोट’ (तेल मोकळं परत जाऊ देणारी जागा) असेल तर उतरवताना तेच वापरा. जॅक टोकाला पोहोचला की लिव्हर लगेच सोडा. धरून ठेवलं तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) किंचाळतो, तेल तापतं.

बहुतेक मिनी ट्रॅक्टरमध्ये हे तेल गिअरबॉक्सचंच असतं. मोठा जॅक त्यातलं बरंच ओढतो, म्हणून पहिल्यांदा जोडल्यावर जॅक चार वेळा चालवून, पूर्ण आत घेऊन पातळी बघा.

होज गळतोय वाटलं तर बोट कधीच फिरवू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या भोकातलं तेल कातडी भेदून आत शिरतं. तसं झालं तर जखम बारीक दिसली तरी तडक दवाखाना गाठा.