वेस्ट पॉइंट, ॲनापोलिसला खेळाडू म्हणून जायचंय? कोचच्या 'हो'वर थांबू नका

आमचा मुलगा सध्या ॲनापोलिसला अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीत, म्हणजे नेव्हीचे ऑफिसर घडवणाऱ्या कॉलेजात आहे आणि तिथल्या टीमकडून पोहतो. तेव्हापासून न्यू जर्सीतल्या ओळखीच्या, अर्ध्या ओळखीच्या, मंडळाच्या गणपतीत एकदाच भेटलेल्या अशा सगळ्या आईबाबांचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "स्पोर्ट्स स्कॉलरशिप किती मिळाली हो?" तर आधी तेच सांगते. शून्य. स्कॉलरशिप नसतेच तिथे, कारण फी कुणालाच नाही, खेळाडू असो नाहीतर नसो, राहणं जेवण शिक्षण सगळं सरकारचं, वर महिन्याला थोडा पगार, त्यातून युनिफॉर्म आणि लॅपटॉपचे पैसे कापले जातात ती गोष्ट वेगळी. बदल्यात ग्रॅज्युएट झाल्यावर किमान ५ वर्षं ऑफिसर म्हणून ॲक्टिव्ह ड्यूटी. हे 'बदल्यात' दोनदा वाचा, बरेच जण घाईत पुढे जातात.

सैन्याच्या वगैरे अशा सरकारी अकॅडमी एकूण पाच. वेस्ट पॉइंट आर्मीची, १८०२ पासूनची. ॲनापोलिस नेव्हीची, १८४५ ची, मरीनचे ऑफिसरही इथून निघतात. एअर फोर्सची कोलोराडो स्प्रिंग्जला, १९५४ ची. ह्या तिन्ही एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांची देशभरची संघटना) डिव्हिजन १ मध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात खेळतात. उरलेल्या दोन, म्हणजे न्यू लंडनची कोस्ट गार्ड आणि किंग्ज पॉइंटची मर्चंट मरीन (व्यापारी जहाजांची), डिव्हिजन ३ मध्ये. खडकवासल्याची एनडीए डोळ्यासमोर आणा, फक्त तीनच्या जागी चार वर्षं आणि वीकेंडला नावाजलेल्या युनिव्हर्सिट्यांशी मॅचेस. सिटाडेल किंवा व्हीएमआय ह्या मिलिटरी कॉलेजांची नावं पण कानावर येतील, ती ह्यात धरू नका, तिथे युनिफॉर्म असतो पण फीसुद्धा असते, खेळाची स्कॉलरशिप मिळू शकते आणि सैन्यात जायची सगळ्यांवर सक्ती नाही. वेगळा रस्ता आहे तो, वाईट नाही.

पहिली अट नागरिकत्वाची, आणि आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं. ग्रीन कार्ड चालत नाही. अकॅडमीत पाऊल टाकायच्या दिवशी मूल अमेरिकन सिटिझन पाहिजे, १७ पूर्ण पाहिजे, लग्न झालेलं नको. इथे जन्मलेल्यांना काही प्रश्नच नाही. भारतात जन्मलेलं असेल आणि त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल, तर ते १८ चं व्हायच्या आत आईबाबांपैकी एक जण सिटिझन झाला की तुमच्याबरोबर राहणारं मूल आपोआप सिटिझन होतं, म्हणून तुमचा अर्ज "करू पुढच्या वर्षी" म्हणून टेबलाच्या खणात पडला असेल तर तो आधी बाहेर काढा. एच-४ वर (आईबाबांच्या एच-१बी नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) असलेल्या मुलांना हा रस्ता बंद आहे, उगाच आशा लावू नका पोराला.

आता कोच. नववी-दहावीतच प्रत्येक अकॅडमीच्या ॲथलेटिक्सच्या साइटवर आपल्या खेळाचा रिक्रूटिंग क्वेश्चनेअर (खेळाडू निवडीचा फॉर्म) भरून टाकायचा, दहा मिनिटांचं काम आहे. मग कोचला ईमेल. ईमेल मुलानेच लिहायची, तुम्ही नाही, कोचला लगेच कळतं आईने लिहिलंय ते (मला कसं माहीत विचारू नका). काय लिहायचं? ग्रॅज्युएशनचं वर्ष, उंची, आपले बेस्ट टाइम किंवा स्कोअर, जीपीए (शाळेच्या मार्कांची सरासरी), एसएटी ही प्रवेशाची परीक्षा दिली असेल तर तिचा स्कोअर, पुढच्या दोन-तीन मीट कुठे आहेत, आणि एक ओळ नक्की, की मी सिटिझन आहे आणि मला सैन्यात ऑफिसर व्हायचंय. बस. आजोबांपासूनची कहाणी नको. उत्तर आलं नाही म्हणून घाबरू नका, पोहण्यासारख्या बहुतेक खेळांत दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनआधी कोचला रिक्रूटिंगबद्दल बोलायला एनसीएएची परवानगीच नाही. आमच्याकडे मार्चमध्ये मेल गेली आणि तीन महिने सामसूम, मी रोज विचारायचे आलं का काही, आणि १५ जूनला सकाळी फोन. अमेरिकन फुटबॉल, लॅक्रॉस अशा काही खेळांच्या तारखा वेगळ्या आहेत, आपल्या खेळाच्या बघून घ्या. एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरचं खातंही दहावीतच उघडा, डिव्हिजन १ ला हायस्कूलचे १६ कोअर कोर्स मोजतात.

मूल खरंच त्या लेव्हलचं आहे का हे कोचआधी तुम्हाला कळू शकतं. आर्मी आणि नेव्ही बरेचसे खेळ पेट्रियट लीगमध्ये खेळतात, त्यांच्या चॅम्पियनशिपचे निकाल सगळ्यांना बघायला मिळतात, त्यात शेवटच्या फायनलमध्ये आलेल्याचा टाइम बघायचा आणि आपल्या पोराचा शेजारी ठेवायचा. पोहण्यात एक गंमत, इथे कॉलेजचं पोहणं यार्डांच्या, म्हणजे लहान स्विमिंग पुलात, म्हणून ५० मीटरच्या पुलातला टाइम तसाच लिहून पाठवला तर पोरगं उगाच स्लो दिसतं. आणि खेळ म्हटलं की फुटबॉलच डोक्यात आणू नका. आर्मी आणि नेव्हीत स्प्रिंट फुटबॉल नावाचा प्रकार आहे, तोच खेळ पण खेळाडूचं वजन १७८ पौंडांच्या आत, आपल्या चणीच्या मुलांसाठी केल्यासारखा. नेव्हीत स्क्वॉश आहे, रोइंग आहे. तिन्ही मोठ्या अकॅडमींत रायफलची टीम आहे आणि एनसीएएच्या रायफलमध्ये मुलगे मुली एकाच टीममधून नेम धरतात. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये ब्राँझ आणल्यापासून आमच्या इथली दोन-तीन मुलं एअर रायफलच्या क्लबात जायला लागलीत, त्यांच्या आईबाबांना मी हेच सांगते की इकडे लक्ष ठेवा, ह्या खेळात गर्दी कमी आहे. क्रिकेट मात्र विसरा.

आता मुख्य गोष्ट. कोच "वी वॉन्ट यू" म्हणाला, घरी पेढे वाटले, आजीला व्हिडिओ कॉल झाला. ॲडमिशन झालेली नाही! कोचला ॲडमिशन देताच येत नाही. त्याच्या हातात इतकंच की तो तुमचं नाव आपल्या लिस्टमध्ये वर ठेवतो आणि ॲडमिशनवाल्यांना सांगतो की हा मला पाहिजे. पुढचे मार्क, एसएटी, निबंध, शिक्षकांची पत्रं सगळ्यांसारखंच. त्यावर नॉमिनेशन. त्यावर मेडिकल. ह्यातलं एक जरी अडकलं तरी कोच हात वर करतो, आणि तो खोटं बोलत होता असं नाही, त्याचा हात तिथपर्यंतच पोचतो.

नॉमिनेशन म्हणजे तुमच्या भागाच्या काँग्रेसमनने किंवा सिनेटरने (इथले खासदार) तुमचं नाव सुचवायचं. ओळख लागत नाही, वशिला लागत नाही, आपल्याकडच्या आमदाराच्या पत्रासारखं हे प्रकरण नाही. तिन्ही मोठ्या अकॅडमींत एका काँग्रेसमनचे एका वेळी प्रत्येकी पाचच जण मोजले जातात, म्हणून चुरस असते, आणि म्हणूनच काँग्रेसमन, दोन्ही सिनेटर आणि व्हाइस प्रेसिडेंट अशा चारही ठिकाणी अर्ज टाकायचा. अकरावी संपताना त्यांच्या साइटवर फॉर्म यायला लागतात, बारावीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास मुदत संपते, प्रत्येकाची तारीख वेगळी. कोच म्हणाला "आम्ही बघू नॉमिनेशनचं" तरीही भरायचे. अकॅडमीकडे स्वतःच्या काही वाटा असतात हे खरं, पण त्या भरवशावर बसू नका. फक्त कोस्ट गार्डला नॉमिनेशन लागत नाही, त्यामुळे पाचपैकी तो अर्ज सगळ्यात सुटसुटीत.

काही ऑफिसांत इंटरव्ह्यू असतो, पाच-सहा जण, त्यात रिटायर्ड ऑफिसर वगैरे. त्यांना खेळाडू आवडतात पण एक प्रश्न ते फिरवून फिरवून विचारतात, खांदा निखळला, टीममधून नाव गेलं, मग काय करशील? आम्ही जेवताना प्रॅक्टिस म्हणून हाच प्रश्न टाकला आणि आमचं रत्न म्हणालं, "दुसऱ्या कॉलेजला ट्रान्सफर." नवरा वरणात चमचा फिरवत बसला. मग अकरावीनंतरच्या जूनमध्ये त्याला नेव्हीच्या समर सेमिनारला पाठवला, आठवडाभर तिथेच राहायचं, क्लास, पहाटेची पीटी, आरडाओरडा सगळं चाखायला मिळतं (वेस्ट पॉइंटचंही असंच समर प्रोग्रॅमचं आहे, अर्ज बारावीच्या आधीच्या हिवाळ्यात). परत आला तो जहाजांबद्दलच बोलत होता, पोहण्याबद्दल कमी. तेव्हा मला वाटलं आता जाऊ दे ह्याला. उलट बाजूनेही हे बघा, दुसऱ्या कॉलेजात खेळ सुटला की पुढच्या वर्षी स्कॉलरशिपही जाऊ शकते, इथे टीम सोडली तरी सीट तुमचीच राहते आणि ५ वर्षांची नोकरीही तुमचीच राहते!

मेडिकलला मी सगळ्यात जास्त वेळ द्या म्हणेन. त्याचं नाव डॉडमर्ब (संरक्षण खात्याचं मेडिकल बोर्ड), अकॅडमीने तुमचं नाव पुढे पाठवलं की तपासणी सरकारी खर्चाने होते, पण तपासणीपेक्षा जुने कागद जास्त छळतात. तेराव्या वाढदिवसानंतर दमा, शेंगदाण्याची वगैरे जोरदार ॲलर्जी, एडीएचडीचं औषध, गुडघ्याचं ऑपरेशन, रंग नीट न दिसणं, ह्या सगळ्यावर ते थांबतात. आमच्या मुलाला चौदाव्या वर्षी खोकला झाला होता, त्याच्या डॉक्टरांनी "असू दे घरात" म्हणून इन्हेलर लिहून दिला आणि फाइलमध्ये दमा असा शब्द टाकून मोकळे झाले. तो इन्हेलर आम्ही दोनदासुद्धा वापरला नसेल. तीन वर्षांनी तो शब्द उभा राहिला, आधी डिस्क्वालिफाइड असं पत्र आलं, मग फुप्फुसांच्या टेस्ट, मग वेव्हर (अटीतून सूट), ह्यात पाच महिने गेले आणि माझं वजन चार किलोने उतरलं. वेव्हर अकॅडमी देते, तुम्ही डॉक्टरांचे कागद पुरवायचे. म्हणून दहावीतच मुलाची मेडिकल फाइल मागवा, स्वतः वाचा, चुकीचं निदान असेल तर तेव्हाच स्पेशालिस्टकडून तपासून लेखी घ्या. लपवू मात्र नका, खोटं सापडलं तर दम्यापेक्षा महाग पडतं.

फिटनेसची एक टेस्ट असते, पुश-अप्स, पुल-अप्स, शटल रन, एक मैल पळणं, हे सगळं खेळाडू मुलं करतात, पण त्यात गुडघ्यावर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा असा एक विचित्र प्रकार आहे आणि तिथे भलेभले फसतात. ड्राइव्हवेवर जुनी उशी टाकून रोज दहा वेळा फेकायचा, तंत्र जमलं की होतं.

कधी उत्तर येतं की ह्या वर्षी नाही, पण प्रेप स्कूलला ये. नेव्हीचं न्यूपोर्टला आहे, आर्मी आणि एअर फोर्सचं अकॅडमीच्याच आवारात. साधारण दहा महिने गणित, इंग्लिश, कवायत आणि खेळ, मग पुढच्या वर्षी अकॅडमी. त्याला थेट अर्ज करता येत नाही, ते तुम्हाला बोलावतात, आणि रिक्रूट झालेल्या बऱ्याच खेळाडूंना बोलावतात. आपल्या घरांत "एक वर्ष वाया" म्हणून नाक मुरडतात. मला विचाराल तर गणित कच्चं असेल तर डोळे मिटून घ्या, पहिल्या वर्षी कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री पोहण्यासकट झेपवायचं म्हणजे काय ते मी फोनवर ऐकलंय.

आत गेल्यावरचे खेळाचे नियमही मुलाला आधी सांगा. दुसऱ्या कॉलेजांत खेळाडू जाहिराती करून पैसे कमावतात, ते इथे नाही. एखादं वर्ष बाहेर बसून पाचव्या वर्षी खेळू, तेही साधारण नाही, चार वर्षांत बाहेर. प्रोफेशनल व्हायची स्वप्नं असतील तर नेव्हीच्या डेव्हिड रॉबिन्सनचं उदाहरण द्या, १९८७ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (बास्केटबॉलच्या प्रोफेशनल टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिला नंबर आणि तरीही दोन वर्षं नेव्हीत काढून १९८९ ला खेळायला उतरला. आणि एक दिलासा, पहिली दोन वर्षं झाल्यावर तिसऱ्या वर्षाचे क्लास सुरू व्हायच्या आत बाहेर पडलं तर काही देणं लागत नाही. त्यानंतर लागतं.

राहिलं भारताचं. सिक्युरिटी क्लिअरन्सच्या (गुप्त माहिती हाताळायच्या परवानगीच्या) फॉर्ममध्ये भारतातल्या जवळच्या माणसांची माहिती विचारतात, मुलाच्या नावावर परदेशात काही असेल तर तेही, तेव्हा आजोबांनी प्रेमाने गावच्या सातबाऱ्यावर नातवाचं नाव चढवलं असेल तर विचारून ठेवा. आणि ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कायमच्या व्हिसासारखं कार्ड), हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, भारत सरकारच्या नियमात परदेशी सैन्यात असलेल्या किंवा रिटायर झालेल्या माणसाला ओसीआय मिळत नाही. कार्ड आधीच काढलेलं असेल तर कॉन्सुलेटला विचारून काय ते करा, पुढे भारतात जायचं तर व्हिसा काढून आणि वरिष्ठांची परवानगी घेऊन. माझं माहेर साताऱ्याकडचं, आमच्या तिकडे आपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे, घरटी फौजी, त्यामुळे आईला नातू सैन्यात गेल्याचं अप्रूपही नाही आणि भीतीही नाही. व्हिसाचं ऐकल्यावर मात्र ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, "मग सुट्टी किती दिवसांची असते त्याला?" मी सांगितलं, उन्हाळ्यात तीन आठवडे धर. "बरं, मग आंब्यांच्या दिवसांत व्हिसा मागा म्हणावं."