गावात स्टेडियम होणार असेल तर प्रस्ताव कसा तपासावा

सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेनं पळणारी मुलंमुली दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. सरावाला जागा नसते, म्हणून ती उसाच्या ट्रॅक्टरांच्या वाटेत पळतात. त्यामुळे नगरपालिकेनं स्टेडियमचा प्रस्ताव आणला की आनंदच होतो. पण तो या मुलांच्या रोजच्या कामी येणार आहे का, हे फ्लेक्सवरचं चित्र बघून कळत नाही. कागद वाचावे लागतात, आणि तेही काँक्रीट पडायच्या आत.

कागद गोळा करा

सर्वसाधारण सभेचा ठराव, जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा, विकास योजनेचा (गावातली कुठली जमीन कशासाठी, हे ठरवणाऱ्या आराखड्याचा) भाग नकाशा, स्टेडियमचा मांडणी नकाशा आणि अंदाजपत्रक, एवढं तरी हवंच. नगरपालिकेत मागून मिळालं नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे.

विकास योजनेत त्या गटावर कसलं आरक्षण आहे, म्हणजे ती जमीन कशासाठी राखून ठेवली आहे, ते सगळ्यात आधी पाहा. क्रीडांगणाचं असेल तर काम सोपं आहे. बगीचा, शाळा किंवा भाजी मंडईचं असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्याची नोटीस निघते आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो. या महिन्यावर नजर ठेवा. बऱ्याच लोकांना नोटीस निघून गेल्यावरच कळतं.

जागा खासगी असेल तर अजून एक गोष्ट तपासा. योजना लागू होऊन १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. ताब्यात नसलेल्या जमिनीवर गॅलरीचं चित्र काढून उपयोग नाही.

जागा मोजा

आठ लेनचा ४०० मीटरचा ट्रॅक म्हणजे साधारण १७७ बाय ९३ मीटर. नुसत्या ट्रॅकलाच चार एकर, म्हणजे १६० गुंठ्यांच्या वर जागा लागते. गॅलरी, वाहनतळ, स्वच्छतागृह सगळं वेगळं. सातबाऱ्यावर अडीच एकर असताना प्रस्तावात 'आंतरराष्ट्रीय दर्जाचा ट्रॅक' लिहिलेला असेल, तर तिथंच बोट ठेवा.

अडीच एकरही कमी नाहीत. त्यात २०० मीटरचा मातीचा ट्रॅक (१६०० मीटरला आठ फेऱ्या) आणि खो-खो, कबड्डीची दोन-दोन मैदानं आरामात बसतात. खो-खोला २७ बाय १६ मीटर आणि पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १० मीटर जागा पुरते. वेळापूरच्या खो-खोचं नाव ज्या जिल्ह्यात घेतलं जातं, तिथं हे खेळ कोपऱ्यात ढकललेले दिसले तर मला ते पटत नाही.

नकाशावरचा उत्तरेचा बाण शोधा. मैदानाची लांब बाजू उत्तर-दक्षिण हवी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन खेळाडूच्या डोळ्यांवर येत नाही. गॅलरी पश्चिमेला हवी.

माती आणि पाणी

खरी मेख इथं आहे. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट पाया घातला तर गॅलरीला तडे जातात आणि ट्रॅक उचलला जातो. अंदाजपत्रकात माती परीक्षण, काळी माती काढणं, मुरूम भरून दबाई आणि पाण्याचा निचरा या बाबी दिसल्या पाहिजेत. नसतील तर आकडा कमी दाखवला आहे, असं समजायला हरकत नाही. कामाच्या मध्यावर हाच खर्च वाढीव म्हणून येतो.

जागा ओढ्याकाठी किंवा नदीकाठी असेल तर पूररेषा विचारा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या एका पुराची. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेनं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं काय केलं, ते जिल्ह्यानं पाहिलं आहे.

आता हिरवळ. एक हेक्टर मैदानाला दिवसाला फक्त ५ मिलिमीटर पाणी द्यायचं, तरी ५०,००० लिटर होतात, म्हणजे दहा हजारी पाच टँकर. मे महिन्याच्या उन्हात तेवढंही पुरणार नाही. ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं हे कुठून येणार? 'नगरपालिका पुरवेल' हे उत्तर स्वीकारू नका. प्रक्रिया केलेलं सांडपाणी, विहीर, पावसाच्या पाण्याची टाकी, जे काही असेल ते लिटरच्या आकड्यासह लेखी मागा. सोय होत नसेल तर मुरमाचं, दबाई केलेलं मैदान मागण्यात कमीपणा नाही. सुकलेल्या हिरवळीपेक्षा त्यावर बारा महिने खेळता येतं.

किल्ली कोणाकडे

पहाटे साडेपाचला फाटक कोण उघडणार, शुल्क किती, दिवे किती वाजेपर्यंत, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची खोली कुठे, हे प्रस्तावात असलं पाहिजे. मुलींची सोय नकाशात नसेल तर ती मागाहून होत नाही.

सोलापूर शहरात गड्ड्याच्या यात्रेला होम मैदान आहे आणि खेळाला पार्क स्टेडियम. लहान गावात यात्रा, सभा, लग्नाचा मांडव सगळं एकाच मैदानावर येतं, आणि मांडवाच्या खुंट्या मुलांच्या पायाखाली राहतात. खेळाव्यतिरिक्त वर्षातून किती दिवस मैदान देणार आणि ते दुरुस्त कोण करणार, याची नियमावली प्रस्तावासोबतच मागा.

देखभालीची तरतूद नगरपालिकेच्या अर्थसंकल्पात शोधा. पहारेकरी, वीज, पाणी हा खर्च दरवर्षीचा असतो, आणि सिंथेटिक ट्रॅक तर आठ-दहा वर्षांनी नव्याने टाकावा लागतो. कामाचा क्रमही पाहा. निधी तुटला तर जे शेवटी ठेवलेलं असतं तेच करायचं राहून जातं. म्हणून कुंपण, निचरा, मैदान, पाणी आणि स्वच्छतागृह आधी, गॅलरी नंतर.

रस्त्याची रुंदी आणि वाहनतळ पाहा. शाळा, रुग्णालय, न्यायालय जवळ असेल तर त्याभोवती शांतता क्षेत्र जाहीर झालेलं आहे का, तेही विचारा.

हरकत लिहा

'स्टेडियमला विरोध आहे' असं मोघम लिहू नका. गट नंबर घाला, एका परिच्छेदात एकच मुद्दा आणि त्याखाली तुमची मागणी: 'मांडणी नकाशात गॅलरी पूर्वेस आहे, ती पश्चिमेस घ्यावी.' अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोहोच घ्या आणि सुनावणीला जा. गावातला खो-खोचा प्रशिक्षक आणि भरतीची तयारी करणारी एखादी मुलगी बरोबर असू द्या, कारण मैदानाबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मंजुरीनंतर अंतिम मांडणी नकाशाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. पाया खोदायला सुरुवात झाली की तीच घेऊन जागेवर जायचं आहे.